पाठीमागचे डोळे

दोर वळणाऱ्याला जन्मभर उलटं चालावं लागतं. कमरेला विंचरलेल्या वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, पेंडा गुंडाळायचा, त्यातले चार तंतू चाकाच्या आकड्यात अडकवायचे, आणि चाक फिरू लागलं की एकेक पाऊल मागं टाकत जायचं. बोटांतून वाख सुटत जातो, त्याला पीळ बसत जातो आणि पेड लांबत जातो. मान वळवली की हात हलतो, हात हलला की पेडाला गाठ येते. म्हणून चालणाऱ्यानं मागं बघायचंच नाही. मागचं बघायचं काम चाकावरच्या माणसाचं. त्याचं तोंड चालणाऱ्याकडे असतं आणि चालणाऱ्याच्या पाठीमागचं सगळं त्याला दिसतं. तो नुसतं "दगड" म्हणतो, चालणारी पाऊल उचलून टाकते. तो "डावीकडे" म्हणतो, ती डावीकडे सरकते. का म्हणून विचारत नाही. त्या घरात तीन पिढ्या दोर असाच वळला जात होता.

त्या वर्षी ऊन लांबलं होतं. नदी एवढी आटली होती की लोक गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जात. पण वरच्या डोंगरात पाऊस झाला की दोन दिवसांत ती दोन्ही काठ भरून वाहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग नावेशिवाय गत नव्हती, आणि नाव ज्या दोराला धरून नदी ओलांडते तो दोर जुना होऊन कुजला होता. म्हणून म्हातारा नावाडी घरी येऊन सांगून गेला, "नवा दोर पाहिजे. या काठच्या खांबापासून त्या काठच्या खांबापर्यंत. पाणी चढायच्या आत."

एवढा लांब दोर त्या घरानं बऱ्याच वर्षांत वळला नव्हता. अंगणातली वाट साठ पावलांची. या दोराचा एकेक पेड दुप्पट लांब हवा होता. म्हणजे चालणारीला अंगण ओलांडून, छपराच्या कडेनं, पार पानं कुजवायच्या, सडवणीच्या खड्ड्यापलीकडे जावं लागणार.

घरात माणसं तीन. मुलगा चाकावर, सून चालायला, आणि आई छपराच्या सावलीत खिळ्यांच्या फणीवर वाख विंचरायला. मुलाला सगळे हसरा म्हणत. कधी चढलेला आवाज नाही, कधी शिवी नाही. पाणवठ्यावरच्या बाया सुनेला म्हणायच्या, "तुझं बरं आहे बाई. आमच्यांच्या कपाळावरची आठी लग्नापासून उतरली नाही. तुझा कधी बघावा तेव्हा हसतोय." सून मान खाली घालून घागर उचलायची. तिचे आईबाप लहानपणीच गेलेले. नदीपलीकडच्या वीटभट्टीवर काम करणारा थोरला भाऊ एवढंच तिचं माहेर. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यात ती एकदाही पलीकडे गेली नव्हती. प्रत्येक वेळी काही ना काही आड यायचं.

पहिला पेड सुरू झाला त्या दिवशी सकाळी हवा पडली होती. सून मागं मागं चालली होती. ओल्या फडक्यात पेड धरलेला, कोपर पोटाशी, टाच आधी टेकवायची मग चवडा. ही चाल आईनंच तिला शिकवली होती. साठाव्या पावलाच्या जरा पुढं तिची टाच कशावर तरी आपटली आणि ती पाठीवर पडली. पेड हातातून सुटून गरगरत गेला आणि त्याचा फटका गालावर वळ उठवून गेला.

चाक थांबलं. हसरा पोट धरून हसत होता. "अगं, जमीन फुटली असती की!"

आईही हसली. त्याच्या हसण्याला हसायची तिला जुनी सवय होती.

ती उठून जवळ गेली. सुनेच्या टाचेखाली तीन खाचांचा लाकडी ठोकळा होता. तीन पेड एकत्र वळताना ते एकमेकांत गुंतू नयेत म्हणून त्याच्या खाचांत बसवतात. टाच चिरली होती.

"अरे, सांगायचं नाही का?"

"दिसलाच नाही, आई. डोळ्यावर ऊन येतं." तो चाक सोडून पळत आला, खाली बसला, सुनेचा पाय मांडीवर घेतला. तेल आणायला सांगितलं, फडकं आणायला सांगितलं. किती हळुवारपणे त्यानं जखम पुसली! आईचा ऊर भरून आला. बाप असा कधी बसला नव्हता.

"दुखतंय?" त्यानं अंगठा दाबून विचारलं.

"हो."

"इथं?"

"अं... हो."

"आणि इथं?"

सुनेनं ओठ आवळले. तिचे डोळे भरले तसा त्याचा अंगठा सैल झाला. जखम बांधून तो उठला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शीळ घालत चाकाकडे गेला.

तो ठोकळा उचलून आईनं त्याच्या जागी नेऊन टांगला. त्याची जागा चाकाशेजारच्या खुंटीवर होती. तिथून तो साठ पावलं लांब कसा गेला, हा विचार तिच्या मनात आला, पण वाख विंचरायचा राहिला होता आणि ऊन वाढत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले. सून चुलीपाशी, हसरा उंबऱ्याजवळ. त्याला बाहेरचा रस्ता दिसत होता. घास तोंडाशी नेता नेता तो थांबला.

"अगं, तुझा भाऊ."

सुनेच्या हातातला डाव खाली पडला. "कुठं?"

"कुठं काय, हा येतोय. डोक्यावर बोचकं आहे. थकलाय गं बिचारा."

ती पदर सावरत उठली. दुखऱ्या टाचेचा तिला विसर पडला. दारात जाऊन तिनं कपाळाशी हात धरला, मग अंगणात गेली, मग रस्त्यावर. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. पायांचा आवाज आधी धावता होता, मग चालता झाला, मग थांबला.

हसरा मान वाकडी करून दारातून बघत होता. हातातला घास तसाच होता.

सून परत आली. तिचा चेहरा पाण्यात धुतलेल्या कपड्यासारखा झाला होता.

"फसली!" तो म्हणाला. "आई, बघितलंस? तिसऱ्यांदा फसली. दर वेळी पळते वेडी!"

आई हसली, पण या वेळी जरा उशिरानं. "जेवू दे तिला," एवढंच ती म्हणाली.

"मी कुठं नको म्हणतोय? ये गं, बस. रागावलीस? जरा गंमत केली तर एवढं काय? हे बघ, माझ्या पानातलं घे." आणि त्यानं खरंच आपल्या पानातला घास तिच्या तोंडाशी धरला.

तिनं तो खाल्ला. आईची नजर मात्र मुलाकडे गेली. तो सुनेचा चेहरा बघत होता. तहानलेला माणूस घागरीतून भांड्यात पडणारी धार बघतो, तसा. मग त्याचं बघून झालं आणि तो जेवायला लागला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आईला उगाच जुनं आठवलं. हा सहा-सात वर्षांचा असताना वासराला पाण्याची बादली दाखवायचा. वासरू जवळ आलं की बादली मागं घ्यायचा. पुन्हा दाखवायचा, पुन्हा मागं. ती म्हणायची, खेळकर आहे पोर. हाच पोरगा झोपताना तिच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून घ्यायचा आणि ते सोडवायला गेलं की झोपेत रडायचा. ते टोक, ते इवलं बोट आठवलं की आजही तिच्या छातीत कळ येई. तो पोरगा या घरात कुठंतरी असेल, एखाद्या दिवशी समोर येईल, अशी तिला आशा होती. एवढ्या वर्षांत ती सुटली नव्हती.

दुसरा पेड चालू असताना नावाडी बघायला आला. पेडावरून हात फिरवला, बोटांनी पीळ चाचपला, खूश झाला.

"वहिनी, हा दोर मला पुरून उरेल. मी गेलो की याच्यानंच मला बांधून न्या."

"तुम्ही कसले जाताय भावजी! यमाला नदी ओलांडायची असेल तर तुम्हालाच विचारावं लागेल."

"आणि मी म्हणेन, थांब, नाव भरू दे."

दोघंही हसले. हसरा पाणी प्यायला घरात गेला होता, सून झाडाखाली पाय पसरून बसली होती. नावाड्यानं तिच्या टाचेकडे बघितलं.

"हिचा भाऊ परवा भेटला. म्हणाला, बहीण येत का नाही? मी म्हटलं, बाबा, एरवी नाव तिच्या दारातूनच सुटते, आता तर चालतही येता येतं, तिनं यायला पाहिजे." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "तुमचंही तसंच झालं वहिनी. म्हणून बोलतो."

"माझं काय?"

"तुमची आई आजारी होती तेव्हा. ते चार दिवस. मी रोज पलीकडे नाव लावायचो तेव्हा तुमची आई शेजारच्या पोरींना काठावर पाठवायची. आज तरी माझी लेक नावेत आहे का बघा म्हणून."

आईच्या हातातला वाख फणीवरच राहिला.

"पण भावजी, ते चार दिवस नाव बंद होती."

"कुठं बंद होती? दिवसाला सहा फेऱ्या केल्या मी."

"दोर तुटला होता ना? यांनीच सांगितलं. पाण्याच्या जोरानं तुटला, नवा शहरातून यायचाय..."

नावाडी अगदी हळू म्हणाला, "वहिनी, माझा दोर तुटला असता तर तो वळायला मी कुणाच्या दारी आलो असतो?"

दोर वळणाऱ्याच्या घरची बाई ती. चार दिवस याच अंगणात उलटी चालत होती, हातात पेड होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि दोर तुटल्याची गोष्ट तिनं खरी मानली. नवऱ्यानं सांगितलं म्हणून. तो चाकावर होता म्हणून. पाचव्या दिवशी याच नावाड्यानं आई गेल्याचं येऊन सांगितलं, तेव्हा नवरा समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला वाटलं, मी कोसळेन या भीतीनं बघतोय. नंतर लोकांत ती तीस वर्षं सांगत आली, माणूस वाईट नव्हता, जरा विसरभोळा होता.

"मला वाटलं, तुम्हालाच यायचं नव्हतं," नावाडी म्हणाला.

"नाही हो," ती म्हणाली. "मी तर निघूनच बसले होते."

तरुणपणी ती नदीकाठच्या देवळात गाऊन उपदेश करणाऱ्या बुवांना ऐकायला जायची. मागं बसून, गुडघ्याला हात बांधून. बुवांचा गळा असा, की एकदा ऐकलेलं महिनाभर कानात घुमावं. एकदा त्यांनी गायलं होतं की देवानं माणसाच्या पाठीला डोळे दिले नाहीत, कारण तिथं तो स्वतः उभा असतो. दोरवाल्याच्या घरच्या बाईला हे इतकं पटलं की ते तिनं जन्माचं पाठ केलं. उलटं चालताना ती मनातल्या मनात तेच गायची. त्या संध्याकाळी तिनं ते पुन्हा गायला घेतलं, आणि पहिल्यांदा तिचा सूर मध्येच तुटला.

तिसऱ्या पेडाच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वरच्या अंगाला पाऊस लागल्याची बातमी होती. आज पेड पुरा व्हायलाच हवा होता.

सकाळी आई सडवणीच्या खड्ड्यापलीकडून सरपण घेऊन आली. खड्डा पुरुषभर खोल. वाख काढायची पानं त्यात कुजत घालायची आणि तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवायचे. यंदा पाणी नसल्यानं तो कोरडा पडला होता, तळाशी नुसते धारदार दगड. त्याच्यावर रुंद फळी टाकलेली होती. तिच्यावरूनच तर आधीचे दोन पेड नेले होते. आईही त्या फळीवरूनच आली.

काम सुरू झालं. चाक कुरकुरत फिरू लागलं, सून मागं मागं निघाली. अंगण संपलं. छपराची कड संपली.

"दगड," हसरा म्हणाला. तिनं पाऊल उचललं.

"उजवीकडे." ती सरकली.

"शाब्बास," तो म्हणाला. "आज छान चाललीस."

सुनेच्या चेहऱ्यावर उजेड पडला. एवढ्या लांबूनही आईला तो दिसला. पोरगी त्या एका शब्दासाठी आसुसलेली होती. तो उजेड आईच्या ओळखीचा होता.

आई वाख विंचरत होती. एरवी तिची नजर सुनेच्या पावलांवर असायची, पण आज ती मुलाकडे बघत होती. आपण नक्की काय बघतोय हे तिला कळत नव्हतं, पण नजर हटत नव्हती. त्याचा हात एका लयीत फिरत होता. मग ओठ किंचित उघडले. मान जराशी वाकडी झाली. डोळे सुनेच्या तोंडावर थिजले, वासराकडे बघताना थिजायचे तसे.

आईनं झटकन मान फिरवली. सून खड्ड्याच्या दोन पावलं अलीकडे होती. मागं फळी नव्हती.

"थांब!" आई ओरडली. "पोरी, थांब! हलू नको!"

सून जागच्या जागी थांबली. मान वळवली नाही. इतकी ती चाल तिच्या अंगात मुरली होती. उचललेली टाच तिनं हळूच पुन्हा पुढं आणून टेकवली. मागं मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि खाली दगडावर पडल्याचा आवाज आला. त्या आवाजानं तिला सगळं समजलं. पेड हातात धरूनच ती खाली बसली.

चाक थांबलं होतं.

"फळी कुणी काढली?" आईनं विचारलं.

"मी. भिंतीला टेकवून ठेवली. वाळवी लागली होती." तो हसत होता. "अगं आई, केवढ्यानं ओरडलीस! मी सांगणारच होतो."

"कधी?"

"अजून एक पाऊल होतं की."

त्यानं पावलं मोजली होती. आई उभी राहिली.

"ती पडली असती."

"पडू दिली असती का मी? शेवटच्या क्षणी सांगायचं, त्यातच तर गंमत आहे." आणि मग मनातलं सुख एखाद्या जवळच्या माणसाला सांगावं, तसं तो जवळ येऊन म्हणाला, "घाबरली की किती छान दिसते ती, आई. बघितलंस ना तू?"

आईनं त्याच्याकडे बघितलं. गरम डोक्याच्या माणसाचा राग उतरतो, विसरभोळ्याला आठवण करून देता येते, वेंधळ्याला शिकवता येतं. ती आयुष्यभर या तिन्ही नावांनी एकाच गोष्टीला हाक मारत आली होती. माणसाच्या हातून दुसऱ्याला लागलं तर तो आधी जखम बघतो. तिचा नवरा आधी तोंड बघायचा. तिचा मुलगा तोंड बघतो.

"फळी आण," ती म्हणाली.

"आणतो की. चिडतेस कशाला?"

"आण. आणि हे ऐक. आजपासून तिच्या मागं मी चालणार."

राहिलेला पेड तसाच पुरा झाला. सून उलटी चालत होती आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवून म्हातारी मागं सरकत होती, मान वळवून मागची जमीन न्याहाळत. हसऱ्यानं दोनदा "दगड" म्हटलं. दगड नव्हता. म्हातारीनं हातानं सुनेला थोपटलं. सुनेनं पाऊल उचललं नाही.

तीन पेड वळून त्यांचा दोर झाला. चार माणसांनी तो खांद्यावरून काठावर नेला. पाणी चढत होतंच. नावाड्यानं दोर त्या काठी नेऊन बांधला, ताणला, आणि उद्या दुपारी पहिली फेरी, असं सांगितलं. परत जाता जाता आईनं त्याला बाजूला घेतलं.

"हिच्या भावाला निरोप द्या. उद्या काठावर थांब म्हणावं. न्यायला."

"किती दिवसांसाठी सांगू?"

"नुसतं न्यायला, एवढंच सांगा."

संध्याकाळी दोघी भांडी घासत होत्या. सून कितीतरी वेळ एकच भांडं घासत राहिली.

"आत्याबाई, ते चांगले असतात तेव्हा किती चांगले असतात. मी त्या दिवसाचीच वाट बघत असते."

"मीही बघितली. तीस वर्षं."

"आला तो दिवस?"

"यायचा. म्हणून तर तीस वर्षं गेली. नुसतं दुखतच राहिलं असतं तर मी तेव्हाच उठले असते." आईनं राखेत हात घातला आणि तसाच ठेवला. "पोरी, तुझा भाऊ आला म्हणून तो फसवायचा तेव्हा मी हसले. ते माझ्या कपाळी राहील."

"तुम्ही हसलात म्हणून मला वाटायचं, गंमतच असेल," सून म्हणाली. "मलाच कळत नसेल."

ती बोल लावत नव्हती, म्हणून ते आईला जास्त लागलं. पाठीमागं देव उभा असतो, हे काही खोटं नाही, तिच्या मनात आलं. पण हाक मारायला त्याला कुणाचा तरी गळा लागतो. आपला गळा इतकी वर्षं हसण्यात गेला.

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर."

आईनं नदीच्या दिशेला बघितलं. तिथं आता तिचं कोण होतं? तरी क्षणभर तिला त्या काठावरच्या पोरी दिसल्या, नाव न्याहाळणाऱ्या.

"त्याला माझ्याशिवाय कोण आहे?" ती म्हणाली. "माझंच पोर आहे ते. मला त्याचं तोंड माहीत झालंय आता. जा तू. तिकडं पोचलीस आणि भाऊ भेटला की दोर तीनदा ओढ. मी खांबापाशी असेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव लागली. नदी गढूळ, रुंद, नवीच नदी वाटावी अशी. पलीकडचा काठ पावसाच्या धुक्यात बुडालेला, कुणालाच नीट दिसत नव्हता आणि म्हातारीच्या डोळ्यांना तर मुळीच नाही. सुनेच्या हातात एक गाठोडं होतं. तिनं एक पाय नावेत ठेवला तेवढ्यात हसरा आला. धावत आला होता, धापा टाकत होता. त्याच्या हातात वाखाच्या मऊ चपला होत्या.

"या राहिल्या. रात्रभर... नाही, सकाळपासून बसून वळल्या. तुझ्या टाचेला बोचणार नाहीत." त्यानं त्या खाली ठेवल्या, वाकून, तिच्या पायाशी. "चुकलो मी. पुन्हा नाही करणार गंमत."

सुनेचा नावेतला पाय तसाच राहिला आणि काठावरचा उचलेना. चपला खरंच सुंदर होत्या. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड पुन्हा येऊ लागला. आईच्या मनातही एक वेडी आशा उठली होती, की हाच तो दिवस असेल, हाच तो पदर धरून झोपणारा पोरगा असेल.

सून अजून निघतच आहे हे बघून तो सरळ उभा राहिला आणि पलीकडे नजर लावली.

"जा मग. पण तिकडं कोणी आलेलं नाही हं. भावानं निरोप पाठवलाय, मला जमणार नाही, तिला सासरीच राहू दे म्हणून. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो."

हे म्हणताना मात्र तो पलीकडे बघत नव्हता. मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघत होता.

सुनेनं सासूकडे बघितलं. "आत्याबाई, भाऊ आहे का तिकडं?"

"मला दिसत नाही, पोरी," आई म्हणाली. तिला खोटं बोलवेना, खऱ्यासाठीसुद्धा. "माझे डोळे तेवढे लांब पोचत नाहीत. निरोप मी स्वतः दिलाय, एवढं सांगते."

"मी पोचवलाय," नावाडी दोर हातात घेत म्हणाला. "आता बसायचं तर बसा. पाणी कुणासाठी थांबत नाही."

सुनेनं हसऱ्याकडे एकदा बघितलं. तो बघत होता त्याच जागी तिनं बघितलं, म्हणजे त्याच्या तोंडाकडे. बराच वेळ बघितलं. मग दुसरा पाय उचलून नावेत ठेवला. चपला काठावर राहिल्या.

नाव निघाली. ती उलटी बसली होती, या काठाकडे तोंड करून. दीड वर्षाची सवय. हळूहळू तिचा चेहरा दिसेनासा झाला, मग पदराचा रंग, मग नाव. आईनं खांबाला बांधलेल्या दोरावर तळहात ठेवला. ओला वाख गार लागत होता. त्यातून पाण्याची घरघर येत होती, नाव पुढं सरकल्याचे हिसके येत होते. यातले पेड पोरीनं चिरल्या टाचेनं चालून काढलेत, हे हाताला ठाऊक होतं.

घरघर चालू राहिली, पण हिसके थांबले. नाव तिकडं लागली असणार. आई वाट बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. अशाच दोराच्या दुसऱ्या टोकाशी एके काळी तिची आई होती, आणि दोर शाबूत होता.

हसरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "काही कळलं?" त्यानं मऊ आवाजात विचारलं. "नसेल आला तो. बिचारी एकटी उभी असेल तिकडं. नाही का गं, आई?"

तो तिचा चेहरा बघायला पुढं वाकला होता, हे तिला न बघताच समजलं.

दोर हलला. एकदा. मग दोनदा. मग जरा थांबून, जोर लावून, तिसऱ्यांदा.

तिचे डोळे भरून वाहू लागले. पण तिनं तोंड वळवलं नाही. पाण्याकडेच ठेवलं.

"काय झालं? सांग ना," तो म्हणाला. "आई, इकडं बघ की."

"घरी जा," ती म्हणाली. "चाकावर उद्यापासून मी बसेन. तू चालायचं."

"मी? उलटा?"

"हो. मागं काय आहे ते मी सांगत जाईन. जे असेल तेच सांगेन."

तो चपला उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो चालू लागला. दर दोन पावलांना मान वळवून मागं बघायचा आणि पेडाला गाठ पडायची. "काही नाही मागं, चाल," ती चाकावरून सांगायची. खरंच काही नसायचं. त्याला ते पटायचं नाही. ती चाक थांबवायची, गाठ सोडवायची, पुन्हा फिरवायची, आणि गुणगुणायला लागायची, देव पाठीशी उभा आहे म्हणून. मग दगड आला की गाणं मध्येच सोडून मोठ्यानं ओरडायची, "दगड!"

आणि उन्हं उतरली की ती काठावर जायची. नावाडी विचारायचा, "वहिनी, यायचंय का पलीकडे? जागा आहे." ती मान हलवायची. खांबापाशी उभी राहून दोरावर हात ठेवायची, दिवसभराच्या उन्हानं तो कोमट झालेला असायचा, आणि नाव तिकडच्या काठाला लागून तो पुरता शांत होईपर्यंत ती हात काढायची नाही.